बदलचिठ्ठीतला सातवा रकाना

मालवण,
२ मार्च

तीर्थरूप रॉक मामांस,

रॉविनाचा नमस्कार, आणि दोन्ही हात जोडून बेसांव मागते. आशीर्वाद एरवी पत्राच्या शेवटी मागायचा असतो हे मला माहीत आहे, पण या वेळी आधीच घेऊन ठेवते. पत्र वाचून झाल्यावर तुम्ही तो द्याल याची खात्री नाही. तुमच्या गुडघ्यांची चौकशी मम्मी रोज करते, म्हणजे माझ्याकडे करते, जणू ते गुडघे तुम्ही माझ्याकडे ठेवायला दिलेत. जिना चढू नका, आणि मर्लिन मामी देतात ते तेल लावत जा. मम्मीची तब्येत ठणठणीत आहे. ब्लडप्रेशर गोळीने खाली आलं, आवाज मात्र गोळीने खाली येत नाही असं डॉक्टर म्हणाले. (सध्या उपासाचा काळ चालू आहे. या चाळीस दिवसांत माणसाने राग सोडायचा असतो, असं फादरनी रविवारी मुद्दाम सांगितलं. मी फक्त कानावर घालून ठेवते.)

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. विचारूच नका. ‘तोंडी सांगितलेलं मी धरणार नाही, कागदावर आण,’ हे वाक्य जानेवारीत कोणी कोणाला ऐकवलं होतं? म्हणून कागदावर आणते आहे. आणि मामा, आधी मनापासून आभार. देव बरे करूं. तुम्ही नसतात तर या वर्षी सेलेस्तीन इंजिनिअरिंग वर्क्सची पाटी उतरवून मी मम्मीला परत दिली असती. नाव तिचंच आहे, तिला चुलीपाशी टेकवून ठेवायला चाललं असतं.

जानेवारीत मी फोनवर रडत होते तेव्हा तुम्हाला निम्मंच कळलं असेल, म्हणून नीट लिहिते. वालावलच्या संजनाताईंच्या बचत गटाने आपल्याकडे काजी (काजूच्या बिया) फोडायची बारा मशीनं सांगितली होती. पंधरा बायका आहेत. आजवर त्या दुसऱ्याच्या कारखान्यात बसून काजी फोडत होत्या, या हंगामापासून स्वतःच्या शेडमध्ये बसणार होत्या. शेड उभी राहिली, वाफवायचा बंब आला, भिंतीवर गटाचं नाव रंगवून झालं. फक्त आपली मशीनं यायची होती. आणि नेमका तेव्हाच विठोबा काका मोतीबिंदू काढायला कणकवलीला गेले आणि तिथून महिनाभर मिठबावला लेकीकडे राहिले. पप्पांच्या वेळेपासून मशीन जुळवायचं काम त्यांच्या एकट्याच्या हातात. मी म्हटलं, काका नाहीत तर काय झालं? भिंतीवर रॉक मामांनी काढलेला आराखडा आहे, माझा डिप्लोमा आहे, सुदेशचं वेल्डिंग आहे. आम्ही दोघांनी आराखड्यावरचा आकडा न् आकडा मोजून बारा मशीनं उभी केली. इतकी बरोबर मशीनं या वर्कशॉपात कधी झाली नसतील. टेम्पोत चढवताना मी त्यांचे फोटोसुद्धा काढले.

वालावलला पहिली पाटीभर काजी फोडली आणि एकही गर अख्खा निघाला नाही. एकही! पायाने दाबलं की पाती सालातून थेट गरात. दुसरं मशीन लावलं, तेच. बाराच्या बारा मशीनांनी एकजुटीने तुकडा पाडला. खोबरेल लावलेल्या हातांनी संजनाताईंनी एक तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला, बस्स. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, गो बाय, मार्चच्या मध्याला काजी सुरू होतली, तोपर्यंत मशीनां नीट झाली तर आमची, नायतर आम्ही परत त्याच कारखान्यात. मी मशीनं परत आणली आणि अंगणात ओळीने उभी केली. अजून तिथेच आहेत. त्याचं पुढे सांगते.

त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही एक तास दहा मिनिटं बोललात (मम्मीने घड्याळ लावून ठेवलं होतं). पुण्याच्या इंजिन कारखान्यात तीस वर्षं आराखड्यांच्या खात्यात काढलेला माणूस काय बोलणार ते मला आधीच कळायला हवं होतं. तुमचं म्हणणं असं, की आराखडा तोच आणि माल बिघडला, याचा अर्थ कोणीतरी, कधीतरी, कोणालाही न सांगता मशीनमध्ये काहीतरी बदललं आहे. तो माणूस शोध, म्हणालात. सापडला की मला कळव, मी गुडघ्यांसकट मालवणला येतो आणि त्याच्याकडे बघतो. मग आठवड्याने तुमचं पार्सल आलं. एक जाड वही, छापलेल्या शंभर बदलचिठ्ठ्या, तारखेचा शिक्का आणि सात पानं सूचना. आजपासून खिळासुद्धा चिठ्ठीशिवाय बदलायचा नाही. काय आहे, काय हवं, कारण काय, जुन्या मालाचं काय करायचं, कितव्या मशीनपासून लागू, आणि कोणी सही केली. सगळं लिहायचं, नंबर टाकायचा, आणि आराखडा बदलला की त्यावर अ, ब, क असं अक्षर चढवायचं. आणि शेवटचा तो सातवा रकाना, लाल शाईत: मूळ आराखडा काढणाऱ्याची सही. या सहीशिवाय बदललेला माल दाराबाहेर जाणार नाही, अपवाद नाही. ‘अपवाद नाही’ तुम्ही दोनदा छापलंय. मी तेव्हा त्याच्याखाली पेन्सिलीने शाब्बास लिहिलं होतं.

आता चिठ्ठ्यांचं ऐका. पहिली चिठ्ठी सुदेशने भरली. पंखा त्याच्या डोक्यावर आणावा. कारण: गरमी. (नामंजूर. तो पंखा माझ्या डोक्यावर आहे.) दुसरीही सुदेशची, पंखा निदान मधोमध आणावा. तिसरी मम्मीने भरली, कारण तिला कोणीतरी सांगितलं की घरातल्या धंद्यात आता सगळं लिहून द्यावं लागतं. काय आहे: बांगडो. काय हवं: पेडवे. कारण: बांगडो शिळो गावलो. जुन्या मालाचं काय करायचं या रकान्यात तिने लिहिलं, मांजराक. कितव्या मशीनपासून लागू: आजच्या जेवणापासून. मामा, सांगायला लाज वाटते, पण पहिल्या दहा चिठ्ठ्यांत सगळ्यात नीट भरलेली चिठ्ठी तीच आहे. मी ती मंजूर करून वहीत लावली. त्यानंतर तिने पाच आणल्या, तेव्हा मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात कुलूपबंद केला.

हसू नका, कारण नवव्या चिठ्ठीने माझे डोळे उघडले. पायाच्या पेडलची स्प्रिंग आपण ज्या दुकानातून घेतो तिथे ती संपली होती, म्हणून सुदेशने दुसरीकडून आणली. पूर्वी आणून बसवून मोकळा झाला असता. या वेळी कुरकुरत चिठ्ठी लिहायला बसला, ‘काय आहे’ मध्ये जुनीची लांबी लिहायची म्हणून दोन्ही मोजल्या, आणि नवी अर्ध्या बोटाने आखूड निघाली. तशीच बसवली असती तर पेडल झटक्यात वर आलं असतं आणि पात्यांच्या तोंडाशी कोणाचा तरी हात असता. सुदेशने उठून सगळ्या आखूड स्प्रिंगा लाल डब्यात टाकल्या, वर ‘वापरू नये’ लिहिलं आणि मला म्हणाला, मामांका फोन करशीत तर माझो नमस्कार सांग. तो इथे सांगते. पंख्यावरून तुम्हाला त्याने घातलेल्या शिव्या मी त्याच दिवशी वजा केल्या.

फेब्रुवारीत विठोबा काका परत आले, काळा चष्मा लावून. आल्या आल्या अंगणातल्या बारा मशीनांपुढून एक फेरी मारली, प्रत्येकाच्या स्टॉपरला अंगठा लावला आणि आत जाऊन चहा मागितला. (स्टॉपर म्हणजे पाती किती आत जावीत ते अडवणारा तो छोटा ठोकळा. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र मर्लिन मामी मोठ्याने वाचून दाखवतील, त्यांना कळायला हवं.) मी म्हटलं, काका, तुम्ही मशीन जुळवताना काय काय बदलता ते एकेका चिठ्ठीवर लिहून द्या. माणूस भडकला. एकोणीस वर्षां मी हंय काम करतंय, रॉकबाबांच्या कागदात मी कित्याक बदल करू? मी म्हटलं, कायतरी करत असाल ना, नाहीतर तुमच्या हातची मशीनं चालतात आणि आमची का नाही? तर म्हणे माझे डोळे दुखतत. मामा, डोळे दुखणारा माणूस त्याच दिवशी मासळी बाजारात सुरमईच्या कल्ल्यांत वाकून बघत होता. मी स्वतः पाहिला.

मग मी तुमच्या सूचनांचं पान पाच काढलं: शंका आल्यास चालू स्थितीतला जुना नमुना उघडून पाहावा. सुदेशच्या मावशीकडे नऊ वर्षांपूर्वीचं आपलं मशीन आहे, आजही दिवसभर अख्खे गर पाडतं. ते आणलं, काका जेवायला गेल्यावर अंगणात उघडलं. एकेक भाग आराखड्याशी ताडून बघितला, सगळं तंतोतंत. स्टॉपर काढला आणि त्याच्याखालून दोन पत्र्याच्या चकत्या टपकन खाली पडल्या. नखाएवढ्या, हाताने कापलेल्या. एक कोरी होती. दुसरीवर गुलाबाची अर्धी पाकळी आणि सोनेरी कड.

मी त्या चकतीकडे बघत असताना मम्मी कपडे वाळत घालायला आली. तिने चकती बघितली आणि काठी टाकली. सायबा भोगस, माझो डबो!

मामा, तुम्ही दर नाताळला पुण्याहून बिस्किटांचा तो मोठा गुलाबवाला डबा आणता. मम्मी बिस्किटं संपली की डबा पुढच्या नाताळच्या गोड कुलकुलांसाठी ठेवते, आणि एकोणीस वर्षं तो डबा पुढच्या दसऱ्यापर्यंत नाहीसा होतो. या डब्यांवरून या घरात काय काय झालंय ते तुम्हाला पुण्यात बसून कळणार नाही. पप्पांवर आळ आला. माझ्यावर आला, की मी मैत्रिणींना वाटते. शेजारच्या मथुराबाईंशी तर मम्मी दोन वर्षं नुसती मान हलवून बोलत होती, कारण त्यांच्या ओट्यावर तसलाच डबा दिसला होता. (तो त्यांच्या जावयाने दिलेला निघाला, तरी संशय गेला नाही.) आणि सगळे डबे इथे, आपल्या वर्कशॉपच्या दिव्याखाली, चकत्या होऊन सिंधुदुर्गभर पसरलेले! आजवर विकलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटात मम्मीच्या नाताळचा एक तुकडा आहे. मम्मी हातात कपड्यांची काठी घेऊनच काकांची वाट बघत बसली. काका आले, चकत्या बघितल्या, काठी बघितली आणि खाली बसले. मम्मी काय काय बोलली ते उपासाच्या काळात लिहिण्यासारखं नाही. पण बोलून झाल्यावर तिने काकांना पेडव्यांचं तिखलं वाढलं, आणि काकांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले. तिखल्यामुळे, असं म्हणाले.

तेव्हा तुम्ही शोधायला सांगितलेला माणूस सापडला, हे तुमच्या आज्ञेप्रमाणे कळवते. आता तो ती चकती का घालत होता, असं तुम्ही विचाराल. विचारणारच. पण पत्र फार लांबलं आणि पोस्ट बंद व्हायला थोडाच वेळ आहे. मी चकत्यांची जाडी व्हर्नियरवर मोजली, स्टॉपर तेवढ्याने उंच केला, बाराही मशीनं चकतीशिवाय लावली, आणि परवा संजनाताईंनी स्वतः येऊन पाटीभर काजी फोडली. अख्खे गर. एकामागून एक अख्खे. मोजत होत्या, मग मोजायच्या थांबल्या आणि नुसत्या फोडत बसल्या. जाताना मला म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी टेम्पो घेऊन येतंय. मी बरं म्हटलं आणि आत जाऊन वही उघडली.

मामा, लहानपणी मे महिन्यात तुम्ही मला स्टीलची पट्टी हातात देऊन सांगितलं होतं, शून्यापासून मोजू नको, टोक झिजलेलं असतं, एकपासून मोज. तेव्हापासून मी माणसंसुद्धा एकपासून मोजते, पहिला राग सोडून देते. पप्पा गेल्यावर लोक म्हणाले, पोरीने वर्कशॉप विकावं. तुम्ही एकटे म्हणालात की आधी पंखा दुरुस्त कर आणि कामाला बस. त्या पंख्याखाली बसूनच हे लिहिते आहे. त्या वहीमुळे आज या वर्कशॉपात कोणाच्या हातात काय आहे ते कागदावरही आहे, आणि काकांना काही झालं तर (देव न करो) त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाणार नाही. हे तुमचे उपकार आहेत आणि ते मी चिठ्ठीशिवाय मान्य करते. मामींना नमस्कार, गुडघ्यांना जपा.

तुमची भाची,
रॉविना

ता. क. : पाकिटात बदलचिठ्ठी क्रमांक चौदा आहे, ती पडू देऊ नका. सहा रकाने भरलेत. सातवा रिकामा आहे. आता सांगूनच टाकते. स्टॉपरची उंची आराखड्यात पहिल्यापासून कमी आहे, अर्ध्या मिलिमीटरला जरा जास्त. आराखडा तुम्ही काढलात, त्या मे महिन्यात, ओसरीवर बसून, आणि मशीन उभं राहायच्या आधी पुण्याला गेलात. पहिलं मशीन तुकडे पाडायला लागलं तेव्हा पप्पा तुम्हाला फोन करणार होते. काकांनी हात धरला. म्हणाले, रॉकबाब इतक्या खुशीत गेलो, आणि कागद तर काचेत लावून झालो. (तुम्हाला आठवतो ना, मारियामातेच्या तसबिरीच्या आणि काकांच्या गणपतीच्या मधे? दसऱ्याला त्याला झेंडूची माळ असते. माळ घातलेल्या कागदावर कोण खोडणार?) म्हणून त्यांनी डबा कापला आणि दोघांनी तोंडं मिटली. पप्पांनी तर मरेपर्यंत. तेव्हा मामा, कृपा करून सही करा आणि उलट टपाली स्पीडपोस्टाने पाठवा. मशीनं धुऊन पुसून अंगणात उभी आहेत, गुरुवारी संजनाताई टेम्पो घेऊन येतील, आणि तुमच्या सहीशिवाय मी ती दाराबाहेर काढणार नाही. सुदेश म्हणतो, जाऊ दे, कोण बघतंय. पण पहिल्या खऱ्या चिठ्ठीलाच मी अपवाद केला तर उरलेल्या शहाऐंशी मम्मीला मेनू लिहायला द्याव्या लागतील. फोटोतली सही चालणार नाही, पान सहा.

दुसरा ता. क. : मम्मी सांगते, तुझ्या मामाने आपलीच चूक झाकायला एकोणीस वर्षं पुण्याहून स्वतः पत्रा वाहिला, त्याला म्हणावं या नाताळला डबा आण. बिस्किटं नसली तरी चालतील. मथुराबाईंकडे ती काल तिखलं घेऊन गेली होती.

शेवटचा ता. क. : तुम्हाला हे सगळं कळवलंय हे विठोबा काकांना माहीत नाही. त्यांना वाटतं, तुम्ही न वाचताच सही कराल. तिसरा रकाना, बदलाचं कारण, मी भरणार होते, पण त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. इतक्या वर्षांत मी त्यांना लिहिताना पाहिलं नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून, एकेक अक्षर कोरत लिहिलं. ते चिठ्ठीवर तुम्हाला दिसेलच: ‘कागद बरोबर आसा. काजी मोठी झाली.’ ते खोडू नका मामा. त्याच्याखाली सही करा.